ग्रँट डफचं घराणं आणि ईडनची जमीन: लहान स्कॉटिश जमीनदाराचा इतिहास कागदांतून कसा काढावा

प्रश्न असा आहे: ‘मराठ्यांचा इतिहास लिहिणारा जेम्स ग्रँट डफ स्कॉटलंडमधल्या एका छोट्या इस्टेटीचा मालक होता म्हणे. त्याचं घराणं आणि ती जमीन ज्या पॅरिशमध्ये (एका चर्चच्या हद्दीतल्या मुलुखात) होती तिचा इतिहास मूळ कागदांतून काढायचा, तर सुरुवात कुठून करू? वंशावळींच्या संकेतस्थळांवर ग्रँट आणि डफ यांचा नुसता गोंधळ आहे.’

गोंधळ होणारच, कारण शोध आडनावावरून सुरू झाला आहे. स्कॉटलंडमधल्या लहान जमीनदाराचा, तिकडे ज्याला लेअर्ड म्हणतात त्याचा, माग काढताना आधी जमीन धरायची. माणसं तिच्या मागोमाग सापडतात. या एका माणसाचंच पाहा. ८ जुलै १७८९ला बॅन्फ शहरात जन्म, नाव जेम्स ग्रँट. वडील किंकार्डिन ओ’नीलचे जॉन ग्रँट, ते १७९९च्या सुमारास वारले. आई ईडनची मार्गारेट मिल्न डफ, ती वारली १८२४ साली. पुण्यात एल्फिन्स्टनच्या हाताखाली आणि नंतर १८१८ ते १८२२ साताऱ्याला छत्रपती प्रतापसिंहांच्या दरबारी रेसिडेंट होता तोवर तो ‘कॅप्टन ग्रँट’च होता. १८२५च्या सुमारास ईडनची इस्टेट त्याच्याकडे आली, तेव्हा ‘डफ’ जोडलं गेलं. १८५०मध्ये बायकोला, जेन कॅथरीन एन्स्लीला, तिच्या आजोळची फाइफमधली इस्टेट मिळाली, तेव्हा ‘कनिंगहॅम’ही आलं. २३ सप्टेंबर १८५८ला तो वारला. एका आयुष्यात तीन आडनावं, आणि नंतरची दोन्ही जमिनीमुळे आली. आईचं आडनावही आधीच जोड होतं, ‘मिल्न डफ’. म्हणजे हा प्रकार तिच्या किंवा तिच्या आधीच्या पिढीतही घडला होता का, हे तपासायलाच हवं.

पहिलं काम नकाशावर. ईडन बॅन्फच्या दक्षिणेला, डेव्हरन नदीच्या पूर्व काठावर आहे. पॅरिश किंग एडवर्ड, प्रेसबिटरी (म्हणजे आसपासच्या पॅरिशांचा चर्चगट) टरिफ, काउंटी ॲबर्डीनशर. टपालाचं गाव मात्र बॅन्फ, म्हणून छापील पुस्तकांत ‘ईडन, बॅन्फ’ असं येतं आणि लोक थेट बॅन्फशरच्या नोंदी उघडून बसतात. जमिनीच्या नोंदी काउंटीनुसार लावलेल्या असल्यामुळे ही चूक महागात पडते. त्यात भर म्हणजे याच पॅरिशमधला माँटकॉफरचा तुकडा जुन्या हद्दींनुसार बॅन्फशरमध्ये मोडायचा. पॅरिशचं नावही जुन्या कागदांत ‘किनएडवर्ड’, ‘किनेडार’ अशा रूपांत येतं, त्यामुळे अनुक्रमणिकेत एकाच स्पेलिंगवर थांबू नका. शिवाय १८८९च्या स्थानिक कारभार कायद्यानंतर काउंटी आणि पॅरिशच्या हद्दी बदलल्या. १७९०च्या कागदावर आजची हद्द लावायची नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचा दस्त: सेझिन, म्हणजे जमिनीचा ताबा दिल्याची लेखी नोंद. आपल्याकडे फेरफार नोंदवहीत जसा जमिनीचा प्रत्येक हात-बदल दिसतो, तसा तिथे सेझिनच्या नोंदवहीत दिसतो, आणि ही नोंदवही १६१७च्या कायद्याने सुरू झालेली आहे. ताबा दिल्यापासून ६० दिवसांच्या आत दस्त नोंदवला नाही, तर तिऱ्हाइताविरुद्ध तो चालत नसे, म्हणून लहानातला लहान लेअर्डही हयगय करत नसे. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने ४० वर्षांचा निर्वेध ताबा पक्का ठरवला. त्यामुळे कागद जपून ठेवण्यात प्रत्येकाचा स्वार्थ होता.

एक जुना सेझिन उघडला की आत काय दिसतं? सुरुवातीला तारीख. मग जमिनीवर प्रत्यक्ष हजर असलेली माणसं: घेणाऱ्याचा मुखत्यार, देणाऱ्याच्या वतीने ताबा देणारा बेली, नोटरी आणि दोन साक्षीदार. मग कोणत्या आधारावर ताबा दिला तो मूळ दस्त, जमिनींची नावं एकामागून एक, त्या कोणत्या पॅरिशमध्ये आणि शेरिफडममध्ये (शेरिफच्या अधिकाराखालच्या जिल्ह्यात) आहेत ते, आणि शेवटी बेलीने त्या जमिनीची माती आणि दगड मुखत्याराच्या हाती दिल्याचा उल्लेख. हा विधी १८४५पर्यंत जमिनीवर उभं राहूनच करावा लागे. साक्षीदारांची नावं कधीही सोडू नका. बहुतेक वेळा ते शेजारचे कुळवाडी, मेहुणे, धाकटे भाऊ असतात, आणि जन्मनोंद नसलेला भाऊ असाच सापडतो.

१७८१ ते १८६८ या काळातल्या सेझिनांचे छापील सारांश आहेत, काउंटीवार आणि क्रमांकवार, माणसांच्या नावांच्या अनुक्रमणिकेसह. ग्रँट डफचा वारसा याच काळात बसतो, म्हणून ॲबर्डीनशरच्या सारांशापासून सुरुवात करा: १८२४ ते १८२७ बारकाईने, मग मागे आईच्या आणि आजोबांच्या नावांवर. प्रत्येक सारांशात चार-पाच ओळीच असतात: कोणाला ताबा मिळाला, कोणती जमीन, कोणत्या दस्ताने, नोंदवल्याची तारीख. १७८१च्या आधी मिनिट बुक वापरायचं, म्हणजे कारकुनाने रोजच्या रोज लिहिलेली आवक वही. मूळ खंड एडिनबर्गच्या जनरल रजिस्टर हाउसमध्ये, नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंडकडे आहेत. भारतातून काम करणाऱ्याने आधी सारांशातला क्रमांक आणि तारीख पक्की करावी आणि तेवढ्याच पानाची प्रत मागवावी. ‘डफ घराण्याचं जे असेल ते पाठवा’ असं कळवून काहीही हाती लागत नाही.

याच सारांशांत कर्जही दिसतं. जमीन तारण ठेवून घेतलेला बाँड नोंदवला जाई आणि फेडला की त्याची निरवानिरवही नोंदवली जाई. ग्रँट डफने ईडनला स्थायिक होऊन इस्टेट सुधारली, एवढं चरित्रकोश सांगतात. सुधारणेला पैसा कुठून आला, हिंदुस्थानातल्या नोकरीची शिल्लक जुन्या कर्जांच्या फेडीत गेली का, हे कळायचं असेल तर १८२५ ते १८३५मधल्या बाँडांच्या आणि फेडीच्या नोंदी समोरासमोर मांडा. माझ्या मते या घराण्याच्या इतिहासातला सगळ्यात मोलाचा भाग हाच ठरेल, आणि छापील वंशवृत्तांतात त्यावर ओळसुद्धा नसते.

सेझिनने ताबा कळतो. नातं कळतं ते वारसाच्या चौकशीतून, ज्याला रिटूर म्हणतात. मालक वारला की चॅन्सरीतून, म्हणजे राजाच्या नावाने आज्ञापत्रं काढणाऱ्या कचेरीतून, आज्ञापत्र निघे, स्थानिक पंधरा जणांची ज्यूरी बसे, आणि ‘अमुक हा अमुक याचा सर्वांत जवळचा कायदेशीर वारस’ असा निकाल परत जाई. मधला १६५२ ते १६५९चा काळ सोडला तर १८४७पर्यंत हे लॅटिनमध्ये आहे. पण साचा ठरलेला असल्यामुळे वीस-पंचवीस शब्द शिकले की वाचता येतं. १७००पासून दर दहा वर्षांच्या अनुक्रमणिका इंग्रजीत छापलेल्या आहेत.

इथे दोन ठिकाणी हमखास चूक होते. पहिली, निकालाचं वर्ष म्हणजे मृत्यूचं वर्ष धरणं. जमीन विकायची किंवा गहाण टाकायची वेळ येईपर्यंत लोक वारसचौकशी करतच नसत. दहा-वीस वर्षं सहज जात. दुसरी, नोंद सापडली नाही म्हणून वारस नव्हता असं ठरवणं. लहान लेअर्डची जमीन पुष्कळदा थेट राजाकडून नसे, मधल्या एखाद्या बड्या उमरावाकडून असे. तो सुपीरियर ‘हाच वारस आहे हे मला स्पष्ट ठाऊक आहे’ असं आज्ञापत्र स्वतःच देई, त्याला क्लेअर कॉन्स्टॅट म्हणतात. मग चॅन्सरीत काहीच जात नसे. तो दस्त सेझिनच्या सारांशात आधार म्हणून दिसतो, आणि त्याची मूळ प्रत सुपीरियरच्या दप्तरात असू शकते. या टापूत फाइफच्या अर्लच्या डफ घराण्याचं वजन मोठं. त्यांचं दप्तर माँटकॉफर पेपर्स या नावाने ॲबर्डीन विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे, तिथली सूची पाहणं आवश्यक.

कागद वाचताना एका शब्दाने माणसाची पायरी बदलते. नावापुढे ‘ऑफ ईडन’ असेल तर मालक. ‘इन’ असेल तर त्या जमिनीवरचं कूळ. ‘पोर्शनर’ म्हणजे हिस्सेदार. मुलगा नसताना मुलींत जमीन सारखी वाटली गेली की हा शब्द हटकून येतो. ‘वॉडसेटर’ म्हणजे गहाणदार: पैसे देऊन जमिनीचा ताबा घेतलेला, मालकासारखाच वावरणारा, पण पैसे परत मिळाले की जाणारा. ‘लाइफरेंटर’ला हयातीपुरतं उत्पन्न, बहुधा विधवेला, आणि खरा मालक ‘फियार’. वडील जिवंत असताना मुलगा फियार असू शकतो, त्यामुळे एकाच वेळी एकाच जमिनीचे दोन ‘मालक’ दिसले की लगेच त्यांना भाऊ ठरवू नका.

आडनाव का बदललं, याचं उत्तर टेलीत मिळू शकतं. टेली म्हणजे जमीन पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक क्रमाने जावी असं बांधून टाकणारा दस्त; जो घेईल त्याने घराण्याचं नाव आणि शस्त्रचिन्ह लावावं, अशी अट त्यात घालता येई. त्यांची वेगळी नोंदवही १६८५पासून आहे. तिथे नसेल तर लग्नाचा करार किंवा ट्रस्टचा दस्त रजिस्टर ऑफ डीड्समध्ये (करार आणि दस्तांच्या नोंदवहीत) शोधा, कारण तीच अट तिथेही येते. चिन्ह अधिकृत करून घेतलं असेल तर लॉर्ड लायनच्या, म्हणजे शस्त्रचिन्हांचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या, कचेरीतल्या, १६७२च्या कायद्याने सुरू झालेल्या नोंदवहीत वंशाचा तपशील मिळतो.

मृत्युपत्रांवर मात्र फार भिस्त ठेवू नका. १८६८पर्यंत स्कॉटलंडमध्ये जमीन मृत्युपत्राने देताच येत नसे. टेस्टामेंटमध्ये फक्त जंगम मालमत्ता येते: गुरं, धान्य, घरसामान, येणी-देणी. एखाद्या लेअर्डच्या टेस्टामेंटमध्ये इस्टेटीचं नावही नाही, म्हणून ती विकली गेली असा निष्कर्ष काढलेला पुष्कळदा दिसतो, तो चूक. आणि टेस्टामेंटची कामं पाहणाऱ्या ॲबर्डीनच्या कमिसरी कोर्टाचं जुनं दप्तर १७२१च्या आगीत गेलं. त्याआधीच्या पिढ्यांसाठी इकडे वेळ घालवू नका, डीड्स आणि सेझिन हाच रस्ता. परदेशात, म्हणजे मुंबई इलाख्यातही, वारलेल्या स्कॉटिश माणसाचं काम एडिनबर्गच्या कमिसरी कोर्टात जाई, म्हणून धाकट्या भावांना तिथे शोधायचं.

जन्म-लग्नाच्या नोंदी १ जानेवारी १८५५पासून सरकारी, त्याआधी पॅरिश रजिस्टरात. दोन्ही स्कॉटलंड्स पीपल या सरकारी संकेतस्थळावर पाहता येतात. जुन्या रजिस्टरांतली ‘लग्नं’ बहुधा लग्नाच्या जाहीर घोषणेची तारीख देतात. १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता, आणि जेम्सचा जन्म नेमका त्या काळातला. नोंद मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर हे एक साधं कारण आहे. दुसरं कारण धर्मपंथ. ईशान्य स्कॉटलंडमधली बरीच जमीनदार घराणी एपिस्कोपल, म्हणजे बिशप मानणाऱ्या, पंथाची होती. त्यांच्या मुलांचे बाप्तिस्मे प्रेस्बिटेरियन पॅरिश चर्चच्या वहीत नसून आसपासच्या एपिस्कोपल चॅपलच्या वहीत असू शकतात. स्कॉटलंडमध्ये विवाहित स्त्रीचं माहेरचं आडनाव कागदावर टिकून राहतं, याचा पुरेपूर फायदा घ्या.

१८५८ची मृत्युनोंद मागवताना डफ, ग्रँट डफ आणि कनिंगहॅम अशा तिन्ही नावांखाली शोधा. त्या नोंदीत आईवडिलांची नावं, वडिलांचा व्यवसाय आणि दफनाची जागा असायला हवी, कारण दफनस्थान १८५५ ते १८६० एवढीच वर्षं लिहीत. बायकोचं नाव नसलं तर आश्चर्य नको. १८५६ ते १८६० तो रकाना वगळलेला होता.

आता पॅरिश. लेअर्ड एकटा अभ्यासला तर चित्र अर्धंच राहतं, कारण पॅरिशमधले सगळे जमीनमालक मिळून हेरिटर म्हणून एक मंडळ असे. चर्च आणि पाद्र्याच्या घराची दुरुस्ती, शाळा आणि मास्तराचा पगार, १८४५पर्यंत गरिबांचा खर्चही मोठ्या प्रमाणात, हे त्यांच्या डोक्यावर असे. वाटणी होई ती ‘व्हॅल्यूड रेंट’वर, म्हणजे जमिनीच्या ठरवून दिलेल्या मूल्यांकनावर. समजा पॅरिशचा एकूण व्हॅल्यूड रेंट ४,००० पौंड, एका लेअर्डचा २००, आणि शाळेच्या कामाचा खर्च १२० पौंड. तर त्याच्या वाट्याला पाच टक्के, म्हणजे ६ पौंड. हेरिटरांच्या इतिवृत्तांत अशा वाटणीची यादी मिळाली की त्या वर्षी पॅरिशमध्ये कोणाची किती जमीन होती ते एका पानावर कळतं. पाद्र्याचा पगार वाढवण्यासाठी टीन्ड कोर्टात (चर्चच्या दशांश-उत्पन्नाचे दावे चालणाऱ्या कोर्टात) झालेल्या दाव्यांतही अशीच यादी असते. या पॅरिशमध्ये क्रेगस्टनचे अर्कहार्ट मोठे. त्यांचा वाडा १६०४ ते १६०७ या काळात बांधलेला आहे. १७६४मध्ये न्यू बाइथ हे आखीव गाव वसवलं तेही बाइथच्या अर्कहार्टांनीच. ईडनची पायरी या मंडळात कोणती होती, हे त्या यादीवरूनच ठरवायचं.

व्हॅल्यूड रेंट वाचताना दोन गोष्टी डोक्यात पक्क्या हव्यात. हे आकडे स्कॉट्स पौंडांत असतात आणि १२ स्कॉट्स पौंड म्हणजे १ स्टर्लिंग पौंड. शिवाय हे मूल्यांकन सतराव्या शतकात गोठवलेलं आहे. ॲबर्डीनशरची १६६७ची यादी छापील मिळते. १८२५च्या खऱ्या खंडाशी त्याचा संबंध उरलेला नव्हता. त्याचा उपयोग एकमेकांशी तुलना करण्यापुरता आणि हक्क ठरवण्यापुरता: १०० स्कॉट्स पौंडांवर काउंटीच्या करसमितीत बसता येई, ४००वर १८३२च्या आधी संसदेसाठी मत देता येई. ‘वार्षिक उत्पन्न ४०० पौंड’ असं त्याचं रूपांतर करणारी चरित्रं सरळ बाजूला ठेवा.

ॲबर्डीनशरचं भाग्य असं, की १६९६च्या डोईपट्टीची यादी इथे जवळजवळ अख्खी टिकली. १८४४मध्ये ती दोन खंडांत छापली गेली. प्रत्येक वाडीत कोण कूळ, बायको कोण, घरात मुलं किती, गडी आणि मोलकरणी कोणत्या आणि त्यांचा पगार किती, सगळं आहे. सर्वसाधारण माणसाला ६ शिलिंग स्कॉट्स, ‘जंटलमन’ म्हणवणाऱ्याला ३ पौंड जास्त. म्हणून त्या दर्जाखाली कोण स्वतःला लिहवून घेतो हे पाहण्यासारखं असतं. टरिफ प्रेसबिटरीच्या भागात किंग एडवर्ड काढा आणि ईडनच्या वाड्यांची नावं सेझिनमधल्या नावांशी ताडून पाहा. जी नावं दोन्हीकडे आहेत ती या शोधाची खुंटी.

बाकीचे कागद भराभर सांगतो. पाद्र्यांनी लिहिलेले दोन स्टॅटिस्टिकल अकाउंट, १७९१ ते ९९ आणि १८३४ ते ४५, पॅरिशवार आहेत. ग्रँट डफच्या सुधारणांचा काळ दोन्हींच्या मधला आणि दुसऱ्याच्या वेळचा, त्यामुळे चुना, सलगम, कुंपणं, खंडाची मुदत यांवरचे परिच्छेद जोडीने वाचा. लिहिणाऱ्या पाद्र्याचा पगार हेरिटरांकडून येत असे, तेव्हा जमीनदारांची स्तुती तेवढ्या बेतानेच घ्यायची. १८५५पासून मूल्यांकन याद्या आहेत: मालक, कूळ, वार्षिक खंड, पहिल्याच यादीत ग्रँट डफ हयात मालक म्हणून दिसायला हवा. ४ पौंडांखालच्या कुळांची नावं देणं मात्र बंधनकारक नव्हतं. १८६०च्या दशकातल्या ऑर्डनन्स सर्व्हेच्या नाववह्यांत प्रत्येक शेताघराचं वर्णन असतं. त्यात मालकाचं नाव बऱ्याचदा मिळतं.

कर्क सेशनच्या, म्हणजे पॅरिश चर्चच्या स्थानिक समितीच्या, वह्या सावकाश वाचायच्या असतात. गरिबांना दिलेले शिलिंग, प्रेतावर घालायच्या झुलीचं भाडं, अनौरस मुलांच्या चौकश्या. त्या झुलीचं भाडं हीच पुष्कळदा दफनाची एकमेव नोंद असते. जमीनदार घराण्याची अनौरस संतती छापील वंशावळीत मिळणार नाही, इथे मिळेल. डफ घराण्यावर १९१४मध्ये दोन खंडांचा वृत्तांत निघालेला आहे. तो चौकट म्हणून वापरा, पण त्यातलं प्रत्येक नातं सेझिन किंवा रिटूरने पक्कं झाल्याशिवाय आपल्या तक्त्यात शाईने लिहू नका.

राहिली हिंदुस्थानची बाजू. जेम्स ग्रँटने १८०५मध्ये कंपनीची कॅडेटशिप घेतली. कॅडेटांचे अर्ज १७८९पासून लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत, आणि अर्जासोबत बाप्तिस्म्याचा दाखला आणि शिफारस करणाऱ्या डायरेक्टरचं नाव जोडलेलं असतं. बॅन्फची मूळ नोंद हरवली असली तरी तिची नक्कल इथे मिळू शकते, म्हणून जन्माचा शोध अडला की हाच दुसरा दरवाजा. सासरा व्हाइटलॉ एन्स्ली मद्रासकडे कंपनीचा डॉक्टर होता, तेव्हा त्या बाजूसाठी मद्रासच्या चर्चनोंदी. १८२९मध्ये जन्मलेला मुलगा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ पुढे १८८१ ते ८६ मद्रासचा गव्हर्नर झाला, त्याचे कागद वेगळे आणि विपुल. साताऱ्याच्या काळासाठी पुण्याच्या पेशवे दप्तरातल्या डेक्कन कमिशनरच्या फायली पाहा. तिथे शोधताना ‘डफ’ हे नाव वापरू नका. त्या वर्षांत तो प्रत्येक कागदावर कॅप्टन जेम्स ग्रँट आहे.